पाण्यातून जाणारी पलटण: बेळगाव भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फौजेतून सुटून गावी आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. खानापूरच्या बाजारात, निपाणीतल्या लग्नाच्या पंगतीत, कॅम्पातल्या चहाच्या टपरीवर तेच ते प्रश्न येतात. आपल्या भागात 'मराठा सेंटर', म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, म्हटलं की पोरासोरांनाही कळतं. मी 'मेक'मध्ये होतो म्हटलं की मात्र समोरचा दोन क्षण थांबतो. म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली.

मेक म्हणजे मेकॅनिक काय? गॅरेजमध्ये होता काय तुम्ही?

नाही. हा प्रश्न मला सासऱ्यांनीही विचारला होता, त्यामुळे राग येत नाही. मेक म्हणजे मेकॅनाइज्ड इन्फंट्री. आहे पायदळच, पण चिलखती गाडीतून रणगाड्यांच्या जोडीनं जाणारं. गाडी लढाईच्या जागेपर्यंत नेते, मागचे दरवाजे उघडतात, जवान उतरून लढतात आणि गाडी तोफेनं त्यांना साथ देते. नुसत्या ट्रकमधून जाणारं पायदळ वेगळं. ट्रक लांबच सोडतो, पुढं पायपीटच.

आमची गाडी बीएमपी. बीएमपी-२ ला आपल्याकडे 'सरथ' नाव आहे, आणि ती तेलंगणातल्या मेदकच्या कारखान्यात तयार होते. वजन साधारण १४ टन, इंजिन ३०० अश्वशक्तीचं, वर ३० मिलिमीटरची तोफ आणि रणगाडा फोडणारं क्षेपणास्त्र. ड्रायव्हर, गनर, कमांडर असे तिघे गाडीचे, बाकी सात जण मागे बसणारे. रस्त्यावर ताशी ६५ किलोमीटरपर्यंत पळते. पाण्यात फक्त ७. पुढचे सगळे प्रश्न या ७ च्या आकड्याभोवतीच फिरतात.

चौदा टन लोखंड पाण्यावर तरंगतं कसं?

काहील बघितली आहे ना? गुऱ्हाळावरची. कृष्णेला महापूर आला की नदीकाठची माणसं तीच काहील पाण्यात सोडतात आणि तिच्यात म्हाताऱ्याकोताऱ्यांना बसवून बाहेर काढतात. लोखंडाचा गोळा बुडतो, त्याच लोखंडाची काहील तरंगते, कारण ती आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. बीएमपीचंही तेच. १४ टन म्हणजे १४ हजार लिटर पाणी बाजूला सारायचं, उन्हाळ्यात गल्लीत येणारे पाच हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर. गाडी आतून पोकळ आणि बंद आहे, म्हणून हे जमतं.

याची किंमत चिलखतात मोजावी लागते. जाड पत्रा घातला की गाडी बुडते, म्हणून पत्रा पातळ ठेवायचा. रायफलीची गोळी अडते, मोठी तोफ अडत नाही. त्यात बीएमपीच्या मागच्या दरवाजांच्या आतच डिझेलच्या टाक्या आहेत. ज्यानं ही रचना केली त्याला मागच्या बाकावर एकदा बसवायला हवं होतं.

पाण्यात तिला पंखा असतो का?

बीएमपीला नसतो. रणगाड्यासारखे जमिनीवर फिरणारे लोखंडी पट्टे पाण्यातही फिरतात आणि पाणी मागे ढकलतात. वळायचं तर एका बाजूचा पट्टा आवरायचा. त्याआधीच्या पीटी-७६ या हलक्या रणगाड्याला मागे पाण्याचे दोन झोत होते, म्हणून तो ताशी १० किलोमीटर जायचा. पोहण्यात तो आमच्यापेक्षा उजवा, हे मान्य करतो.

पाण्यात शिरण्याआधी काय करावं लागतं?

बघणाऱ्याला वाटतं, गाडी आली, पाण्यात शिरली, पलीकडे गेली. खरं काम काठावरच होतं.

तळाला पाणी काढून टाकायची बुचं असतात, ती एकेक हातानं तपासायची. दरवाजांची आणि झाकणांची रबरं बघायची. आत झिरपलेलं पाणी बाहेर फेकणारे पंप चालू करून बघायचे. पुढच्या बाजूला दुमडलेली एक फळी असते, ती उभी करायची, म्हणजे लाट ड्रायव्हरच्या डोक्यावर येत नाही. इंजिनाला हवा मिळावी म्हणून वरची नळी उभी करायची. फळी उभी राहिली की ड्रायव्हरला समोरचं दिसेनासं होतं, म्हणून उंच पेरिस्कोप बसवायचा. तरीही अर्धी नजर कमांडरचीच. कानात त्याचा आवाज येतो, "डावे, डावे, बस," आणि आपण त्या आवाजावर गाडी हाकतो. मग पहिल्या गिअरमध्ये, हळू, काठाला सरळ. तिरकं शिरलं की गाडी कलते.

माझी एक चूक सांगतो. नवखा होतो, तळाचं एक बुच हातानं घट्ट लागलं असं समजून मी पाना लावला नाही. पाण्यात मध्यावर गेल्यावर बुटाला गार लागलं. पंपानं ओढून घेतलं म्हणून निभावलं, पलीकडे पोचलो तेव्हा घोट्यापर्यंत पाणी होतं. कमांडर एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्यांची सगळी बुचं त्यानं मला एकट्याला तपासायला लावली. अजूनही घरच्या पाण्याच्या टाकीचा कॉक मी दोनदा बघतो, बायको हसते.

सगळ्यात अवघड काय? प्रवाह?

प्रवाह आहेच, पण त्याहून अवघड पलीकडचा काठ. पाण्यात उतरायला उतार मिळतो. बाहेर पडताना मात्र पट्ट्यांना जमीन धरायची असते आणि ओल्या चिखलाचा किंवा सिमेंटचा उभा काठ ती धरू देत नाही. गाडी अर्धी पाण्यात, तोंड वर, पट्टे जागेवर फिरतायत, आणि समोर शत्रू. म्हणून पायी किंवा होडीतून आधी पलीकडे जाऊन बाहेर पडायची जागा हेरणारी माणसं लागतात, काठ कापायला इंजिनियर्सची माणसं लागतात. पाण्यात चालणारी पलटण एकटी कधीच नसते.

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत वादळात अडकलेल्या माणसांना काढण्यासाठी डोनाल्ड रोबलिंग या गृहस्थानं १९३० च्या दशकात पट्ट्यांवर चालणारी, तरंगणारी गाडी केली. नाव ठेवलं 'ॲलिगेटर'. म्हणजे मूळ काम पूरग्रस्तांचं. त्यांच्या मरीन कोअरनं, म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या दलानं, ती उचलली आणि नोव्हेंबर १९४३ मध्ये प्रशांत महासागरातल्या तारावा बेटावर तिची परीक्षा झाली. पाणी पुरेसं न चढल्यामुळे बोटी प्रवाळाच्या कड्यावर अडकल्या आणि जवानांना छातीभर पाण्यातून गोळ्या झेलत चालावं लागलं. पट्ट्याच्या गाड्या मात्र तोच कडा चढून किनाऱ्याला लागल्या. त्यातल्या बऱ्याच गाड्या तिथंच नष्ट झाल्या, पण तरंगत्या गाड्यांची पलटण कशाला हवी हा वाद त्या दिवसापासून मिटला.

सोव्हिएत युनियननं वेगळा विचार केला. युरोपात दर थोड्या अंतरावर नदी, आणि प्रत्येक पूल शत्रू उडवणार. मग पायदळाची सगळी गाडीच तरंगणारी करा. त्यातून १९६६ च्या सुमारास बीएमपी-१ आली. इजिप्तच्या सैन्यानं ऑक्टोबर १९७३ मध्ये सुएझच्या लढाईत ग्रेट बिटर लेक पार केलं ते पीटी-७६ आणि तरंगत्या चिलखती गाड्या घेऊन. आपण ही सोव्हिएत वाट धरली. म्हणून आपली मेक पलटण नद्या आणि कालव्यांसाठी आहे, अमेरिकनांसारखी समुद्रासाठी नव्हे. हा फरक ध्यानात ठेवला तर अर्धे गैरसमज संपतात.

भारताला त्याची गरज का पडली?

१९६५. आपलं सैन्य लाहोरच्या दिशेनं इछोगिल कालव्यापर्यंत जाऊन भिडलं आणि कालव्यानंच अडवलं. पाकिस्ताननं तो बांधला होता सिंचनासाठी, आणि तितकाच रणगाडे थोपवण्यासाठीही. पंजाबात दोन्ही बाजूंनी असे कालवे, बांध, खंदक आहेत. पूल येईपर्यंत थांबायचं, की काही गाड्यांनी आधीच पलीकडे जाऊन पाय रोवायचा? दुसरं हवं असेल तर तरंगणारी गाडी हवी.

मग १९७१ मध्ये काय झालं?

यावर मी तासभर बोलू शकतो, पण आवरतो.

तेव्हा बीएमपी नव्हती, पीटी-७६ होता. पंजाबी जवान त्याला 'पिप्पा' म्हणायचे, म्हणजे तुपाचा डबा, कारण रिकाम्या डब्यासारखा तरंगतो. बांगलादेशासारख्या नद्यांच्या मुलखात त्याच्याशिवाय रणगाडा नेणं मुश्कील होतं. २०-२१ नोव्हेंबरला गरीबपूरला ४५ कॅव्हलरी या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे १४ पीटी-७६ आणि १४ पंजाब पलटण यांनी पाकिस्तानचे शॅफी रणगाडे मोडून काढले. रणगाड्यांच्या त्या तुकडीचे, म्हणजे स्क्वॉड्रनचे, मेजर दलजितसिंग नारंग तिथं पडले, त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं.

पुढं डिसेंबरात मेघना. आशुगंजचा पूल पाकिस्ताननं उडवला. जनरल सगतसिंगांनी ४ गार्ड्स या पायदळ पलटणीला हेलिकॉप्टरनं पलीकडे उतरवलं, ते सगळ्यांना माहीत आहे. ६३ कॅव्हलरीचे पीटी-७६ पोहत निघाले ते कमी लोकांना माहीत आहे. मेघना म्हणजे आपली घटप्रभा नव्हे, काठ दिसत नाही असं पात्र. इतका वेळ पोहायची त्या रणगाड्यांना सवय नव्हती, इंजिनं तापली. मग तिथल्या नावाड्यांच्या होड्यांनी त्यांना ओढून पलीकडे नेलं. रणगाडा होडीच्या दोरीला! आमच्या ट्रेनिंगमध्ये ही गोष्ट ऐकली तेव्हा सगळे हसले, आणि मग इंजिनाच्या तापमानाच्या काट्याकडे बघायची सवय लागली.

त्याच महिन्यात कॉक्स बाजारला समुद्राकडून उतरायचा प्रयत्नही झाला. जहाज वाळूच्या बांधावर अडकलं, उतरायची फळी टाकली तर पुढं पाणी डोक्यावरून. काही गुरखा जवान पाठीवरच्या ओझ्यासकट बुडाले. किनाऱ्याची खोली आणि उतार आधी नीट मोजला नव्हता. मगाशी म्हटलं ना, काठ.

हे सगळं ठीक, पण बेळगावचा याच्याशी काय संबंध?

खूप आहे.

मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंट उभी राहिली २ एप्रिल १९७९ ला, केंद्र अहमदनगरला, म्हणजे आताचं अहिल्यानगर. ती शून्यातून उभी केली नाही. वेगवेगळ्या रेजिमेंटच्या जुन्या, लढलेल्या पलटणी घेऊन त्यांना गाड्यांवर बसवलं. १ मद्रास झाली १ मेक, १ शीख झाली ४ मेक, १ डोगरा झाली ७ मेक. आणि २० मराठा लाइट इन्फंट्री झाली १० मेक. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून आपल्या बेळगावात आहे. म्हणजे इथल्या परेड ग्राउंडवर घडलेली एक पलटण आज बीएमपीवर आहे.

दुसरा धागा महार रेजिमेंटचा. तिचं केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे, म्हणून आपण विसरतो, पण तिची पहिली पलटण उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात. पुढं ८ पॅरा ही छत्रीनं उतरणारी पलटण १६ महार झाली आणि तीच नंतर १२ मेक. काही काळ तिच्यातला एक भाग छत्रीधारी ब्रिगेडसोबत बीएमपी घेऊन काम करायचा.

आणि ज्यांना मेक इन्फंट्रीचे जनक मानतात ते जनरल के. सुंदरजी, पुढे १९८६ ते १९८८ लष्करप्रमुख झाले, त्यांची फौजेतली सुरुवात महार रेजिमेंटमधली. इतकं असूनही आपल्याकडच्या व्याख्यानांत याचा उल्लेख येत नाही. मी एका कार्यक्रमात उठून सांगितलं, तर संयोजक म्हणाले, "वेळ कमी आहे काका."

गाड्या यायच्या आधी मराठा पलटणींनी नद्या कशा ओलांडल्या?

पायांनी. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. दोन्ही काठ उंच, त्यात मशीनगनची ठाणी, सुरुंग. पहिल्या पलटणीचे, म्हणजे जंगी पलटणीचे शिपाई नामदेव जाधव, मूळचे नगर जिल्ह्यातले, जखमी सोबत्याला खोल पाण्यातून, काठ चढून, सुरुंगांतून मागे घेऊन गेले. परत आले, दुसऱ्याला नेलं. मग एकट्यानं तीन मशीनगन बंद केल्या, हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून हातबॉम्बनं. नंतर काठावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयघोष केला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मेकच्या ट्रेनिंगमध्ये काठाविषयी ऐकताना माझ्या डोळ्यापुढं हाच काठ यायचा.

१९७१ मध्ये तीच जंगी पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या पाठीमागे गेली. ११ डिसेंबरला टांगाइलला छत्र्यांनी उतरलेली २ पॅरा म्हणजे पूर्वीची ३ मराठा. दोघींची गाठ तिथं पडली. बेळगावच्या दोन बहिणी बांगलादेशात भेटल्या, असं मी पोरांना सांगतो.

लडाखमध्ये रणगाडा नदीत वाहून गेला होता. तो तरंगणारा नव्हता का?

नव्हता. जून २०२४ मध्ये श्योक नदीत पाणी अचानक वाढलं आणि टी-७२ मधले पाच जण गेले. टी-७२ चाळीस टनांच्या वर, तो नदीच्या तळावरून चालत जातो. उथळ पाण्यातून तसाच, खोल पाण्यातून वर हवेची नळी लावून. लोक दोन्हीला 'पाण्यातून गेला' म्हणतात, म्हणून घोटाळा होतो. पण तरंगणारी गाडी सुरक्षित असते असं समजू नका. जुलै २०२० मध्ये कॅलिफोर्नियाजवळ अमेरिकन मरीन्सची तरंगणारी गाडी सरावात बुडाली आणि नऊ जण गेले. खास समुद्रासाठी केलेली गाडी होती ती.

समुद्रात बीएमपी उतरते का?

नौदलाच्या उतरणाऱ्या जहाजांवरून किनाऱ्याजवळ उतरवतात. २००७ मध्ये अमेरिकेकडून घेतलेलं आयएनएस जलाश्व अशाच कामाचं आहे. पण शांत पाणी आणि थोडं अंतर, एवढीच तिची मर्यादा. कारवारच्या पावसाळी लाटेत मी तरी नेणार नाही.

पूर आला की या गाड्या आमच्याकडे का पाठवत नाहीत?

२०१९ च्या महापुरानंतर हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. चिकोडी, रायबाग, अथणी, निपाणी, सगळीकडे पाणी. मराठा सेंटरचे जवान होड्या घेऊन आले होते, तर एकानं मला विचारलं, "तुमच्या त्या पोहणाऱ्या गाड्या कुठं मेल्या?"

गाडी पाण्यात ताशी ७ किलोमीटर जाते, हे मगाशी सांगितलं. पुराचा लोंढा त्याहून जोरात असतो. गाडी पुढं जायच्या ऐवजी खाली वाहत जाईल. दुसरं, उसाच्या फडावर पाणी आहे. वरून सपाट दिसतं, खाली ऊस, तारा, ठिबकच्या नळ्या, विहिरीचे कठडे. पट्ट्यात एक नळी अडकली की संपलं. तिसरं, काळ्या रानात बाहेर पडताना १४ टन रुततात, मग ती गाडी काढायला दुसरी गाडी. आणि आत किती माणसं बसतील? सात. रबरी होडी उथळात जाते, दारात लागते, चार जण उचलून पुढं नेतात.

आणि तुमची काहील. ती अजूनही चालते.

बीएमपी आता जुनी झाली ना?

झाली. आखणी पन्नास-साठ वर्षांपूर्वीची. रात्री बघायची साधनं, नवी क्षेपणास्त्रं बसवून ती चालवतात. बदली गाडीची चर्चा माझ्या नोकरीत सुरू झाली होती, मी सुटलो तरी सुरूच आहे. संरक्षण संशोधन संस्था आणि टाटा यांनी मिळून आठ चाकांची तरंगणारी गाडी केली आहे. चाकांची गाडी रस्त्यावर सुखाची, पण वाळवंटात पट्टा तो पट्टा. हे माझं मत, चाकवाले मानणार नाहीत.

आमच्या पोराला मेकमध्ये जाता येईल का? कर्नाटकचा दाखला चालतो का?

येतं, चालतो. मेक इन्फंट्रीत देशभरची, सगळ्या जातींची माणसं असतात. आता भरती अग्निवीर म्हणून, चार वर्षांची, त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत जवानांना पुढं कायम ठेवतात. कोणती रेजिमेंट मिळेल ते तुमच्या हातात नाही. पोहायला शिकवून पाठवा.

वडील २० मराठात भरती झाले, १० मेकमधून रिटायर झाले. गावच्या फलकावर काय लिहायचं?

एका गावात यावरून दोन भाऊ आठवडाभर बोलत नव्हते. धाकटा म्हणे, मराठा लिहिलं नाही तर लोकांना काय कळणार? थोरला म्हणे, शेवटच्या दिवशी छातीवर बिल्ला कुठला होता? मेकमध्ये बिल्ला बदलतो, घोषणाही बदलते. मराठाचा शिवाजी महाराजांचा जयघोष जाऊन 'बोलो भारतमाता की जय' येते. जुन्या जवानांना सुरुवातीला ते जड गेलं असणार. आपल्या भागात पाटीवरचं नाव बदलणं म्हणजे काय, हे मला सांगायला नको.

डिस्चार्ज बुक काढा. त्यात आधीची आणि नंतरची पलटण तारखांसह लिहिलेली असते. दोन्ही त्याच क्रमानं लिहा: '२० मराठा लाइट इन्फंट्री, नंतर १० मेकॅनाइज्ड इन्फंट्री'. ओळ लांब होते म्हणून पेंटर कुरकुरेल. त्याला अक्षरं लहान काढायला सांगा.